एका चाकाचा पीळ

दिवाळी सरली की गेवराई तालुक्यात उसाचे फड सुरू होतात. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी आणि गोदाकाठ यांच्या जिवावर इथला ऊस उभा राहतो. तुटला की तो गढीच्या जय भवानी कारखान्याकडे, नाहीतर आणखी लांबच्या एखाद्या गव्हाणीकडे निघतो. फडापासून डांबरी रस्ता फार तर अर्ध्या-एक किलोमीटरवर असतो, पण खरी परीक्षा त्या तेवढ्या पाणंदीतच असते. रात्री शेजारच्या रानाला पाणी सोडलेलं असतं, ते पाणंदीत उतरलेलं असतं आणि काळ्या मातीला वाफसा यायच्या आतच भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर तिथं येऊन ठेपतो.

डावं चाक चिखलात, उजवं बांधाच्या कडेला घट्ट जमिनीवर. ड्रायव्हर रेस वाढवतो. डावं चाक जागेवर गरगरतं, चिखलाचे गोळे थेट ट्रॉलीवरच्या मोळ्यांवर जाऊन आपटतात. आणि उजवं चाक, ज्याच्या पायाखाली चांगली जमीन आहे, ते ढिम्म. तसूभर हलत नाही.

मग ड्रायव्हर क्लच दाबतो, टाचेजवळचं एक लहानसं पेडल खाली दाबून धरतो आणि क्लच सावकाश सोडतो. दोन्ही चाकं एकदम फिरू लागतात, ट्रॅक्टरचं तोंड जरासं उचलतं आणि कित्येक टन ऊस हलतो.

हे आपण इतक्यांदा पाहिलेलं असतं की त्यातलं नवल आपल्याला दिसेनासं झालं आहे. घट्ट जमिनीवरचं चाक आधी का फिरलं नाही? त्या पेडलनं नेमकं काय केलं? आणि ते दाबल्यावर सगळा ताण पोलादाच्या कोणत्या दांड्यावर जाऊन पडला?

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिचा आस फिरतच नाही. तो आडवा स्थिर असतो आणि चाकं त्याच्यावर आपापल्या परीनं फिरतात. त्यामुळे आसाला फक्त ओझं पेलायचं असतं, पिळवटून घ्यायचं नसतं. इंजिनाची गाडी आली आणि हे चित्र उलटं झालं. ओढणारा पुढं राहिला नाही, चाकच ढकलू लागलं. चाकाला ढकलायचं तर त्याला जोडलेला दांडा फिरायला हवा. पण दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली तर वळणावर अडचण होते. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरा आणि एक काटकोनी वळण घ्या. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २.३६ मीटर, म्हणजे पावणेआठ फूट जास्त चालतं. तेवढं अंतर कुणीतरी घसरूनच काढायला हवं.

यावरचा तोडगा फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर यानं काढला. १८२७-२८ च्या सुमारास त्यानं वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. दांडा मधोमध तोडला, दोन अर्धे दांडे केले आणि मध्ये लहान दातेरी चाकांची अशी जोडणी बसवली की एक अर्धा हळू फिरला तर दुसरा तेवढाच जोरात फिरावा. आज थारपासून टिपरपर्यंत सगळ्यांच्या मागच्या हाउसिंगमधल्या गोल फुगवट्यात हीच जोडणी तेलात बुडून फिरत असते, आणि फुगवट्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत एकेक ॲक्सल असतो.

ही जोडणी समजायला बैलांचं जूच घ्यावं. जू मधोमध बांधलेलं असतं आणि दोन टोकांना दोन बैल असतात. दोघं सारखे ओढतात तोवर जू सरळ राहतं. एक बैल जरा पुढं गेला, दुसरा जरा मागं राहिला, तर जू थोडं तिरपं होतं, गाडी चालत राहते. वळणाला हेच हवं असतं. पण एक बैल ढिला पडला तर? दुसरा कितीही ताकदीचा असो, त्याचा जोर गाडीपर्यंत पोचत नाही, जू नुसतं त्याच्या बाजूनं पुढं सरकतं. मधल्या बांधावर दोन्हीकडचा जोर सारखा असला तरच गाडी ओढली जाते. डिफरन्शियलमधलं लहान दातेरी चाक म्हणजे असंच एक जू. ते दोन्ही बाजूंना नेहमी सारखाच जोर देतं, एकाला जेवढा झेपतो तेवढाच दुसऱ्याला. चिखलातल्या चाकाला जमीन धरतच नाही, म्हणजे त्याला जवळजवळ काहीच झेपत नाही. मग बांधावरच्या चाकालाही तेवढंच मिळतं. त्याच्या पायाखाली जमीन आहे, पण हातात जोर नाही.

पेडल दाबलं की हे जू मधल्या दांडीला घट्ट आवळलं जातं. दातेरी क्लच सरकून डिफरन्शियलचा एक दांडा त्याच्या घराला जोडून टाकतो. आता जू तिरपं होऊच शकत नाही. जो बैल धडधाकट आहे त्याचा सगळा जोर गाडीला लागतो. आणि सगळं ओझंही त्याच्या एकट्याच्या मानेवर येतं.

हाच या साऱ्या गोष्टीचा गाभा आहे. ते पेडल म्हणजे डिफरन्शियलचं कुलूप, आणि हे कुलूप लावल्यानं इंजिनाची ताकद एका कणानंही वाढत नाही. बदलते ती वाटणी. आधी एका ॲक्सलच्या वाट्याला मागच्या जोराचा फार तर अर्धा हिस्सा यायचा, आता प्रसंगी पुरा येऊ शकतो.

ट्रॅक्टर हे कुलूप घेऊनच जन्माला येतो. त्याचा ॲक्सल मनगटासारखा जाड असतो आणि बनवणाऱ्यांनी तो पुरा हिस्सा येणार हे धरूनच बनवलेला असतो. जीपचं तसं नाही. महिंद्राची नवी थार २०२० च्या ऑक्टोबरात आली तेव्हा तिच्या काही प्रकारांत मागं आपोआप लागणारं यांत्रिक कुलूप होतं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली लहान वजनं बाहेर फेकली जातात, खिटी अडकते आणि दोन्ही दांडे एक होतात. गाडी वेगात असेल तर ते लागत नाही, आणि वळणावर एवढा फरक पडत नाही म्हणून तिथंही गप्प राहतं. इतक्या साध्या युक्तीनं केलेलं हे काम पाहून मला दर वेळी कौतुक वाटतं. पण जुन्या जीपा, बोलेरो, जिप्सी यांत लोक हे कुलूप नंतर बसवतात. ॲक्सल मात्र कंपनीचाच, मोकळ्या डिफरन्शियलच्या हिशोबानं आलेला. तो दुप्पट वाटा पेलेल का, हा प्रश्न मग प्रत्येक गॅरेजात निघतो.

आकडे मांडून पाहू. एक न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला १०० ग्रॅम वजन लटकवल्यावर जो पीळ पडतो, साधारण तेवढा. इंजिन देतं समजा २५० न्यूटन-मीटर. पहिला गियर त्याला चारपट करतो, फोर-लो अडीचपट, क्राउन-पिनियन आणखी चारपट. झाले १०,००० न्यूटन-मीटर. चारही चाकं जोडलेली असली की त्यातला काही भाग पुढं जातो, तरी मागं उरतो तो कमी नाही. मग अंगठ्याएवढ्या जाडीचा ॲक्सल दर वेळी काडीसारखा का मोडत नाही?

कारण चाक घसरतं. जमीन जेवढं धरते त्याहून जास्त पीळ ॲक्सलमध्ये टिकूच शकत नाही. मागच्या दोन चाकांवर ९०० किलो भार आहे असं धरा. एक चाक खड्ड्यावर अधांतरी आणि सगळा भार दुसऱ्या चाकावर, तेही कोरड्या खडकावर. खडकाची पकड भाराच्या ०.८ पट धरली आणि चाकाची त्रिज्या ३७ सेंटीमीटर, तर ॲक्सलवर पीळ येतो सुमारे २,६०० न्यूटन-मीटर. मीटरभराच्या पान्याला अडीच क्विंटलहून जास्त ज्वारी टांगली तर जो पीळ बसेल तो. त्याच जागी ओला काळा चिखल असता तर पकड ०.३ धरून पीळ हजाराच्या आतच राहिला असता. म्हणून आपल्याकडच्या चिखलात गाड्या रुततात खूप, पण ॲक्सल मोडतात ते बहुधा चिखलातून निघता निघता, फिरतं चाक एकाएकी दगडाला धरतं त्या क्षणी.

आता दांड्याकडे येऊ. चांगलं उष्णता-संस्कार केलेलं पोलाद, जाडी ३० मिलिमीटर. त्याचा कातर-ताण ६०० मेगापास्कल धरला तर तो सुमारे ३,२०० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ सोसून परत मूळ जागी येतो. २,६०० पुढं ३,२००. निभावलं, पण फार ऐसपैस नाही.

आणि आता चाक बदला. रुबाबासाठी किंवा उंचीसाठी ३५ इंची टायर बसवा. त्रिज्या झाली सुमारे ४४ सेंटीमीटर. बाकी काहीही न बदलता तोच खडक आता ३,१०० न्यूटन-मीटर मागतो. मधली सगळी शिल्लक संपली. त्यात एक झटका, एक उडी, एक घाईचा पाय मिळाला की दांडा गेला. माझं मत असं की कुलपाला फुकटचा दोष दिला जातो. कंपनीचा ॲक्सल कंपनीच्या टायरांसह कुलूप सोसतो, तो मोडतो मोठ्या चाकानं आणि जड पायानं. उलट मोकळ्या डिफरन्शियलमध्ये हवेतलं चाक दुप्पट वेगानं फिरत असतं आणि ते जमिनीला टेकताच जो हिसका बसतो तो भयंकर असतो. कुलूप लावून, गियर खाली ठेवून, सावकाश चढणाऱ्याचा ॲक्सल जास्त सुरक्षित असतो.

या दांड्याची खरी गंमत त्याच्या आत आहे. पीळ बसला की ताण सगळीकडे सारखा नसतो. मध्यावर शून्य, बाहेर येता येता वाढत जातो आणि कातडीवर सर्वांत जास्त. म्हणजे ॲक्सल जी झुंज देतो ती बहुतेक आपल्या कातडीनं. ३० मिलिमीटरच्या दांड्याला मधून १५ मिलिमीटरचं आरपार भोक पाडलं तर वजन पाव हिस्सा कमी होतं, पण पीळ सोसायची ताकद कमी होते फक्त सोळावा हिस्सा. बांबू पोकळ असून इतका चिवट का, याचं उत्तर इथंच आहे. उलट बाहेरून थोडीशी जाडी वाढवली तर ताकद घनाच्या पटीनं वाढते. ३० चे ३३ मिलिमीटर केले, म्हणजे नखाच्या रुंदीचीही भर नाही, तरी ताकद ३३ टक्क्यांनी वाढते.

म्हणून कारखान्यात कातडीवरच मेहनत घेतात. दांड्याभोवती तांब्याचं वेटोळं ठेवून त्यातून उच्च वारंवारतेची वीज सोडतात. काही सेकंदांत दांड्याचे बाहेरचे काही मिलिमीटर लालभडक होतात, आतला गाभा मात्र तसाच राहतो, आणि लगेच पाण्याचा फवारा मारतात. बाहेर कडक, आत चिवट. कडकपणा पीळ सोसतो, चिवटपणा हिसका.

आणि तो पिळतो किती? आपल्याला वाटतं पोलाद म्हणजे ताठ. ७० सेंटीमीटर लांबीचा तो ३० मिलिमीटरचा दांडा २,६०० न्यूटन-मीटरला सोळा अंशांहून जास्त पिळला जातो. घड्याळाचा मिनिटकाटा पावणेतीन मिनिटांत जेवढा सरकतो तेवढा. एक टोक फिरायला लागलेलं असतं आणि दुसरं अजून थांबलेलं असतं. मग जोर सुटला की दांडा गुपचूप सरळ होतो. आयुष्यभर तो असा पिळत आणि सुटत असतो. हे लवणंच त्याला वाचवतं, हिसक्याची धार तेवढ्यात बोथट होते. म्हणूनच कसबी कारागीर ॲक्सलच्या टोकाच्या दात्यांच्या खाचांपेक्षा मधला भाग जाड राहू देत नाहीत. पीळ खाचांच्या तळाशी एकवटण्यापेक्षा सगळ्या लांबीत पसरावा, हा त्यामागचा विचार. बारीक केल्यानं टिकाऊ होणारी ही थोड्या वस्तूंपैकी एक असावी.

तुटलेला ॲक्सल वाचता येतो. आधी शाळेतला खडू घ्या. दोन्ही टोकं चिमटीत धरून वाकू न देता फक्त पिळा. तो आडवा तुटत नाही, नागमोडी तिरपा, साधारण ४५ अंशांत तुटतो. खडू ताणाला कच्चा असतो आणि पिळात सर्वांत जास्त ताण त्या तिरप्या रेषेत असतो. चिवट पोलाद कातरायला कच्चं, म्हणून एका दणक्यात गेलेला ॲक्सल बहुधा सपाट, आडवा तुटतो, आणि तुटलेल्या तोंडावर भोवऱ्यासारखी वळणं दिसतात. पण कधी कधी त्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत, जुनाट, कडेपासून सुरू होऊन आत सरकत गेलेल्या कमानींचा असतो आणि उरलेला खरखरीत, नवा. तो ॲक्सल काल तुटलेला नसतो. तो कितीतरी दिवसांपासून थोडा थोडा तुटत आलेला असतो, काल फक्त शेवटचा धागा गेलेला असतो.

जगाला हा धडा फार महागात पडून मिळाला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. अंटार्क्टिकापर्यंत जाऊन सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युरविल सहकुटुंब त्या गाडीत होता. तोही गेला. त्यानंतर स्कॉटलंडच्या रँकिननं मोडके ॲक्सल तपासले आणि दाखवून दिलं की चीर सुरू होते ती जाडी एकदम बदलते त्या तीक्ष्ण कोपऱ्यापाशी. पुढं जर्मनीत व्होलर यानं वर्षानुवर्षं दांडे फिरवत ठेवून, किती ताणाला किती फेऱ्यांनी पोलाद थकतं हे मोजलं. आजच्या ॲक्सलच्या प्रत्येक खांद्याला दिलेली गोलाई ही त्या शिकवणीची खूण आहे.

मोडल्यावर काय होतं, ते हाउसिंगवर ठरतं. धुळे-सोलापूर महामार्गावर ट्रकवाल्याला कधी पाहा. तो चाकाच्या मध्यावरचे बोल्ट काढतो, आणि हातभर, दोन हात लांबीचा ॲक्सल म्यानातून तलवार काढावी तसा बाहेर ओढतो. ट्रक आपल्या चाकांवर उभाच. कारण तिथं ओझं हाउसिंग पेलतं आणि ॲक्सलला फक्त पिळाचं काम असतं. जीपगाड्यांत बहुधा तसं नसतं. तिथं एकच दांडा ओझंही पेलतो आणि पीळही. तो बाहेरच्या टोकाशी मोडला तर चाकच निसटू शकतं. तेव्हा जीपला कुलूप लावणाऱ्यानं आधी आपलं हाउसिंग यातलं कोणतं आहे एवढं तरी विचारून घ्यावं.

गेवराई तालुक्यातच, गोदेच्या काठी, राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याला तिथं गाठलं. नदीला पूर होता. निजाम निम्मं सैन्य घेऊन पलीकडे गेलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या निम्म्यासह अलीकडे अडकलेला. घाव सगळा या एका निम्म्यावर बसला. पलीकडचं सैन्य शाबूत होतं, पण पुरापलीकडून त्याचा उपयोग शून्य. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि लढाईचा निकाल लागला. ॲक्सलचा विचार करताना मला हे राक्षसभुवन हटकून आठवतं. एकूण बळ किती, याला त्या घडीला अर्थ नसतो, ज्या निम्म्यावर पुरा भार आला त्याचं बळ किती, हेच मोजलं जातं.

गोव्यात २०१४ मध्ये भर पावसाळ्यातली ऑफरोडिंगची मोठी स्पर्धा सुरू झाली. तिथं उतरणारे गाडीत जादा ॲक्सल टाकूनच येतात, आणि चार-दोन तासांत बदलून पुन्हा चिखलात जातात. पाणंदीतल्या ट्रॅक्टरवाल्याकडे तो जादा दांडा नसतो. त्याचा ट्रॅक्टर अडला तर तुटलेला ऊस वाळत राहतो, वजन घटतं, आणि पहाटेपासून कोयता चालवलेल्या जोडप्याची रात्र फडातच जाते.

म्हणून थोडं सांगावंसं वाटतं, ट्रॅक्टरवाल्यालाही आणि थारवाल्यालाही. कुलूप चाक गरगरत असताना लावू नका, थांबून लावा. लागलं की सरळ जा, वळू नका, आणि घट्ट जमीन आली की पाय काढा. डांबरावर कुलूप लावून वळलात तर ते पावणेआठ फूट चाकाला घसरूनच काढावे लागतात, आणि डांबर घट्ट धरतं म्हणून प्रत्येक घसरणीआधी ॲक्सलला मोठा पीळ बसतो.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. पोलादाचंही एका मर्यादेपलीकडे तसंच होतं. मर्यादेच्या आतला पीळ सुटतो, पलीकडचा कायमचा राहतो. पुढच्या खेपेला ॲक्सल बाहेर निघेल तेव्हा दात्यांच्या खाचा उजेडात धरून पाहा. त्या सरळ असायला हव्यात. थोड्याही तिरप्या दिसल्या तर तो दांडा तुटला नसला तरी संपलेला आहे, त्याला परत आत घालू नका. नवा घालताना त्याच्या लांबीवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. वर्षानं उघडाल तेव्हा ती रेघ वेलीसारखी वळलेली दिसली तर काय समजायचं ते कळेल. आणि तुटलेला ॲक्सल वेल्डिंग करून कधीही बसवू नका. वेल्डिंगच्या आचेनं त्याची ती कडक कातडी मऊ पडलेली असते, आणि सगळी ताकद तिच्यातच होती.